आपा, आपण यातले कोण?

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या घोटीत आषाढात पाऊस एकदा लागला की थांबत नाही, फक्त जोर कमी-जास्त होतो. शिवारात भाताची आवणी चाललेली, वीज गेलेली. माझ्या घराच्या पुढच्या खोलीत दाराशी जेवढा उजेड होता तेवढ्यात तीन मुलं पुस्तकं घेऊन बसली होती. त्यातल्या थोरलीनं हातातली कादंबरी मिटून मांडीवर ठेवली आणि विचारलं, "आपा, आपण यातले कोण?"

मला आधी प्रश्नच कळला नाही.

"म्हणजे यात राजे आहेत, मावळे आहेत, किल्लेदार आहेत. आणि खान आहेत. आपण यातले कोण?"

मी बरीच वर्षं उर्दू आणि मराठी शिकवते. बी.एड.ला असताना पाठाचं टाचण कसं काढायचं, उद्दिष्टं कशी लिहायची, प्रश्न कसे विचारायचे हे सगळं शिकले होते. या प्रश्नाचं टाचण मात्र कुणी शिकवलं नव्हतं. मी तिला म्हणाले, "जा, चहा ठेव." ती उठून गेली. चहा झाला, पिऊन झाला, पण मी उत्तर दिलं नाही. ते देता येईल अशी पुस्तकं शोधण्यात माझं पुढचं वर्ष गेलं. हा लेख त्या शोधाचा आहे.

आधी ही मुलं कोण ते सांगते. तिघंही शाळेत जात नाहीत. थोरली आठवीत असताना तिची आई आजारी पडली. धाकट्या भावंडांचं, स्वयंपाकपाण्याचं सगळं तिच्यावर आलं. हजेरी कमी होत गेली आणि एक दिवस शाळा सुटली ती सुटलीच. दुसरी तिची चुलत बहीण. ती एकटी शाळेत जायला तयार नव्हती. तिसरा चुलत भाऊ, महामार्गावर एका गॅरेजात काम शिकतो आणि दुपारी दोन तास सुटी घेऊन येतो. तिघंही १७ नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसणार. पुण्या-मुंबईत काही सुशिक्षित पालक विचारपूर्वक मुलांना घरीच शिकवतात, त्याबद्दल लेख येतात, फोटो येतात. आमच्याकडे घरी शिकणं हा विचार नसतो, ती अडचण असते. पण शिक्षकासाठी प्रश्न तोच उरतो: शाळा नाही, घंटा नाही, वर्गात शेजारी बसणारं कुणी नाही, मग पुस्तकानं या मुलांना धरून कसं ठेवायचं?

गणिताचं एक बरं असतं, उदाहरण सुटलं की मूल खूश होतं. इतिहासाचं तसं नाही. दहावीच्या इतिहासाचं पुस्तक 'इतिहासलेखन : पाश्चात्त्य परंपरा' या धड्यानं सुरू होतं. देकार्त, व्हॉल्टेअर, हेगेल, रांके, मार्क्स, फुको. खरं सांगायचं तर मला हे पुस्तक आवडतं. इतिहास म्हणजे राजांची यादी नाही, तो प्रश्नांपासून सुरू होतो आणि त्याला पुरावा लागतो, हे ते पहिल्याच धड्यात सांगतं. पण आठवीतून घरी बसलेल्या मुलीपुढे एकदम रांके आणि फुको आले तर ती काय करणार? ती पाठ करते. थोरलीनं तेच केलं. कोणत्या विद्वानानं काय म्हटलं याच्या जोड्या ती झोपेतही लावू शकली असती. प्रश्नापासून सुरुवात करायची हे तिनं पाठ केलं होतं, पण प्रश्न विचारला नव्हता. म्हणून मी ठरवलं, पाठ्यपुस्तकाच्या जोडीला गोडी लागेल असं काहीतरी वाचायला द्यायचं.

इथे माझ्याकडून दोन चुका झाल्या.

पहिली चूक त्या कादंबरीची. तिचं नाव सांगत नाही, कारण दोष तिचा नाही, माझा आहे. तेराव्या वर्षी मी ती रात्रभर जागून वाचली होती. भाषा अशी की वाचताना घोड्यांच्या टापा ऐकू याव्यात. माझं मराठी घडलं त्यात तिचा वाटा आहे. पण त्या वयात मी त्यातल्या खानांची वर्णनं कशी वाचली होती? आता आठवतं, त्यांच्यावरून मी डोळे पुढे सरकवले होते. आवडत्या माणसाच्या घरी जेवताना भातात खडा लागला तर आपण तो गुपचूप बाजूला काढतो, तसं. थोरलीनं तसं केलं नाही. तिनं खडा ताटाबाहेर काढून माझ्यासमोर ठेवला.

दुसरी चूक पहिली सुधारताना झाली. मी एक उर्दू पुस्तक आणून दिलं. मुसलमान बादशहांच्या थोरवीचं. त्यात कुणी चुकत नाही, कुणी भावाला मारत नाही, प्रजा सदैव दुआ देत असते. गॅरेजातला मुलगा ते चार दिवसांत वाचून आला. चालण्यात फरक पडलेला दिसला. आठवडाभरात कळलं की गॅरेजातल्या मित्राशी त्याची कडाक्याची बाचाबाची झाली, कुणाचा राजा मोठा यावरून. तो मित्र रोज त्याच्या डब्यातली भाजी खाणारा. मी त्याला बसवून विचारलं, "तू जे सांगितलंस ते कशावरून?" तो म्हणाला, "पुस्तकात आहे." मी म्हटलं, "त्याचंही पुस्तकातच असेल की!" तो गप्प झाला, मीही. ज्या कादंबरीनं थोरलीला खाली मान घालायला लावली आणि ज्या पुस्तकानं ह्याला छाती फुगवायला लावली, ती दोन्ही पुस्तकं एकाच जातीची होती हे मला तेव्हा कळलं. दोन्ही वाचणाऱ्याला आधी बाजू देतात, मग गोष्ट सांगतात.

अशा वेळी मला मौलाना आझाद आठवले. ११ नोव्हेंबरला त्यांच्या जन्मदिनी आपण राष्ट्रीय शिक्षण दिन पाळतो, भाषणं करतो, पण एक गोष्ट मुलांना क्वचित सांगतो: स्वतंत्र भारताचा हा पहिला शिक्षणमंत्री कधी शाळेत गेलाच नव्हता. वडिलांचा नव्या शाळांवर विश्वास नव्हता. कलकत्त्याच्या घरात आधी वडिलांनी, मग घरी येणाऱ्या उस्तादांनी शिकवलं. इंग्रजी तर त्या घरात शिकवलंच जात नव्हतं. ते त्यांनी नंतर स्वतःच मिळवलं. अक्षरओळख झाल्यावर शब्दकोश घेतला आणि बायबल इंग्रजी, फारसी आणि उर्दू अशा तीन भाषांत शेजारी-शेजारी ठेवून वाचलं. पुढे इंग्रजी वर्तमानपत्रं.

मी हे सांगितलं तेव्हा धाकटी एकदम म्हणाली, "म्हणजे तेपण १७ नंबरवालेच!" तिघंही हसली. शाळा सुटल्याची शरम त्या खोलीतून त्या दिवशी थोडी कमी झाली.

मला त्यातून पद्धत मिळाली. शेजारी-शेजारी ठेवून वाचायचं. एकाच काळाबद्दल, दोन भाषांत, दोन माणसांनी लिहिलेलं. आमच्या मुलांना दोन भाषा येतात. आपण त्याकडे ओझं म्हणून पाहतो, परीक्षेत वेलांटी चुकते म्हणून रागावतो. पण इतिहास वाचायला बसलं की या दोन भाषा म्हणजे दोन डोळे.

सुरुवात केली १८५७ पासून. मराठीतून घेतलं विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास'. गोडसे भटजी पेणजवळच्या वरसईचे. घरात कर्ज, म्हणून दक्षिणा मिळवायला काकांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि नेमके बंडाच्या वणव्यात सापडले. इंग्रजांनी झाशी घेतली तेव्हा ते झाशीच्या आत होते. हे पुस्तक लढवय्यानं लिहिलेलं नाही, घाबरलेल्या, भुकेल्या, घरी आई-वडील वाट पाहत आहेत या काळजीत असलेल्या एका गरीब भिक्षुकानं लिहिलेलं आहे. उर्दूतून घेतली मिर्झा गालिबची त्याच काळातली पत्रं आणि त्याच्या 'दस्तंबू' या फारसी रोजनिशीचा उर्दू तर्जुमा. गालिब तेव्हा दिल्लीत, बल्लीमारांत, दार लावून बसलेला. पेन्शन बंद, घरातले कपडे-अंथरूण विकून पोट भरणं चाललेलं. ऑक्टोबर १८५७ मध्ये त्याचा वेडसर भाऊ वारला तेव्हा बाजार बंद, कफनाला कापड नाही, घरातल्या चादरींत गुंडाळून शेजारच्या मशिदीच्या आवारात दफन करावं लागलं.

आम्ही रोज वीस मिनिटं वाचायचो, एक दिवस भटजी, एक दिवस मिर्झा. पाचव्या-सहाव्या दिवशी थोरली म्हणाली, "आपा, हे दोघं एकमेकांना ओळखत नव्हते ना? मग दोघांची भीती एकसारखी कशी?" दोघंही पाण्यासाठी हैराण, दोघंही पैशासाठी, दोघांनाही गोऱ्या शिपायाची आणि लुटारूची सारखीच धास्ती. एक गंगाजलाची कावड घरी नेण्याच्या ध्यासात, दुसरा आपल्या उजाड शहरासाठी रडणारा.

मग मी पुढचा प्रश्न घातला: "पण हे खरं बोलतात कशावरून?" इथे मजा आली. शोध घेतल्यावर कळलं की भटजींनी हे सगळं घडल्यावर पंचवीसेक वर्षांनी आठवून लिहिलं, आणि ते छापलं गेलं १९०७ साली, चिं. वि. वैद्यांनी हात फिरवून. म्हणजे आठवणीत काय गळलं, काय वाढलं, संपादकानं काय बदललं, हे विचारायला हवं. आणि गालिब? त्याला इंग्रजांकडून पेन्शन पुन्हा सुरू करून घ्यायची होती. 'दस्तंबू' लिहिताना साहेब लोक ती वाचतील हे त्याच्या मनात होतं. मग त्यानं काय लपवलं असेल? गॅरेजातला मुलगा बराच वेळ विचार करून म्हणाला, "रोजनिशीत एक आणि दोस्तांच्या पत्रांत दुसरं, असं असेल. चला पत्रं बघू." त्या दिवशी तो गॅरेजात उशिरा गेला. रांके काय म्हणाला हे त्याला अजूनही धड सांगता येत नाही. पण इतिहासकार करतो ते काम त्यानं त्या दुपारी केलं.

याच वाचनात एक वेगळी गोष्ट घडली. थोरली पुस्तक घरी नेऊ लागली. घरी तिला निवांत वाचायला वेळ नसतो, म्हणून रात्री भाकरी झाल्या की ती आईजवळ बसून मोठ्यानं वाचायची. आईला तेवढंच मन रमवायला. वडील भाताच्या मिलमध्ये हमाली करतात, दमून येतात, भिंतीकडे तोंड करून पडतात. मुलीच्या शिक्षणाबद्दल त्यांचं म्हणणं ठरलेलं: दहावी झाली की बस. एका रात्री झाशीचा वेढा चालू असताना तिनं पुस्तक मिटलं, सकाळी लवकर उठायचं म्हणून. तर भिंतीकडून आवाज आला, "बंद का केलंस? त्या भटजीचं पुढे काय झालं?"

हे तिनं मला दुसऱ्या दिवशी सांगितलं तेव्हा ती हसत होती. मला मात्र हसू आलं नाही, डोळ्यात पाणी आलं. शाळेत पुस्तक एका मुलासाठी असतं. घरी शिकणाऱ्या मुलीचं पुस्तक सगळ्या घराचं असतं. ते मोठ्यानं वाचता यायला हवं आणि स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जायला हवं. तेव्हापासून माझी पहिली कसोटी ठरली: वाचणं थांबवल्यावर घरातलं कुणीतरी "पुढे?" म्हणतं का? आणि दुसरी गॅरेजातल्या मुलामुळे ठरली: पुस्तक वाचून मूल "कशावरून?" विचारतं का? पहिली कसोटी उतरली आणि दुसरी नाही, तर ते पुस्तक अफवेसारखं. दुसरी उतरली आणि पहिली नाही, तर ते कपाटात राहतं.

शिवाजी महाराजांचा विषय टाळून चालणार नव्हतं. मूळ जखम तिथलीच होती. मी गोविंद पानसरे यांचं 'शिवाजी कोण होता?' आणलं. लहानसं पुस्तक, १९८८ चं, मुळात भाषणावरून तयार झालेलं, त्यामुळे समोर बसून बोलल्यासारखं. रयतेच्या बाजूनं राजाकडे बघायला शिकवणारं. पायदळाचा सरनोबत नूरबेग, महाराजांच्या पदरी असलेला काझी हैदर ही नावं मुलांनी पहिल्यांदा ऐकली. पलीकडच्या बाजूला मिर्झाराजे जयसिंग, ज्यांच्याशी १६६५ मध्ये पुरंदरचा तह करून तेवीस किल्ले द्यावे लागले. आणि अफझलखानाचा वकील कृष्णाजी भास्कर. थोरलीचे डोळे चमकले. "म्हणजे आपा, आपण नूरबेग?"

किती सोपं होतं 'हो' म्हणणं! आपल्याकडच्या सभांमध्ये आपण तेच करतो. महाराजांच्या फौजेतल्या मुसलमानांची यादी वाचतो आणि टाळ्या घेतो, जणू साडेतीनशे वर्षांपूर्वीची हजेरी दाखवली की आजची गैरहजेरी माफ होणार आहे. ती यादी खोटी नाही, आणि ती माहीत असायलाच हवी. पण मी तिला विचारलं, "नूरबेगाबद्दल तुला काय माहीत आहे? त्याचं गाव, त्याची बायको, त्याचं म्हणणं?" काहीच नाही. "मग यादीत नाव असलं म्हणजे तो तुझा कसा झाला?" ती खट्टू झाली. मलाही वाईट वाटलं, कारण एवढ्या कष्टानं सापडलेली जागा मी तिच्याकडून काढून घेतली होती. पण दाखला म्हणून लटकवायला इतिहास दिला, तर तो उद्या कुणी फाडला की मूल उघडं पडतं.

त्याऐवजी आम्ही शब्दांचा खेळ सुरू केला, कारण भाषा हा माझा हुकमी विषय. सरनोबत, हवालदार, किल्ला, खजिना, अर्ज, जमीन. फारसीत 'नवीस' म्हणजे लिहिणारा, हे उर्दूमुळे त्यांना माहीत होतं. मग चिटणीस, फडणीस, पोतनीस ही आडनावं घ्या. धाकटी किंचाळलीच, "आमच्या शाळेतल्या बाईंचं आडनाव!" आणि लगेच दुसरी बाजू: राज्याभिषेकानंतर महाराजांनी या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तोही सांगितला. राजानं शब्द बदलायला सांगितले, तरी कितीतरी शब्द लोकांच्या तोंडी राहिलेच, आडनावांत राहिले, सात-बाराच्या उताऱ्यावर राहिले. ही गोष्ट कोणत्याही एका बाजूची नाही. सेतुमाधवराव पगडींसारखा माणूस फारसी शिकला, मोगलांच्या नोकरीतल्या भीमसेन सक्सेनाचा ग्रंथ मराठीत आणला, आणि त्याच हातानं मराठी वाचकांना उर्दू कवी समजावून दिले. असा इतिहासकार होता हे कळणंही माझ्या मुलांसाठी आधारासारखं होतं. पगडींची भाषांतरं दहावीच्या मुलाला सलग वाचायला जड जातात. मी दोन-दोन पानं निवडून देते.

मुलींसाठी मी मुद्दाम बायकांनी लिहिलेलं शोधलं. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' तर आपल्याच जिल्ह्यातलं. लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या. शाळेत न गेलेली, लग्नानंतर घरीच अडखळत अक्षरं गिरवलेली बाई मराठीतलं सर्वांत जिवंत आत्मचरित्र लिहिते. १८९५ मध्ये नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा तिच्यावर काय ओढवलं, सोवळ्यात वाढलेल्या त्याच बाईला माणूस धर्मापलीकडे कसं दिसू लागलं, हे वाचताना आमच्या खोलीत कधी हसून पोट दुखलं तर कधी कुणी कुणाकडे बघेना. शेजारी ठेवलं गुलबदन बेगमचं 'हुमायूंनामा'. बाबराची मुलगी, पुतण्याच्या मुलाच्या नव्हे, प्रत्यक्ष आपल्या भाच्याच्या, अकबराच्या सांगण्यावरून लिहायला बसली. (इथे मुलींनी मला पकडलं: "आपा, भावाचा मुलगा म्हणजे भतीजा, मराठीत भाचा!" मराठीत बहिणीच्या भावाचा मुलगा तिचा भाचाच.) बादशहाच्या घरातल्या बायका कुणावर रुसत, निर्वासित होऊन भटकताना काय खात, कोणतं मूल वाटेत हरवलं, हे तिनं लिहिलं. लढाया तिनं दोन ओळींत संपवल्या. आज मिळणारी प्रत तर मध्येच तुटते. उर्दूतून वाचून मी मराठीत सांगत गेले. ते तुटलं तिथे धाकटी रागावली, "पुढची पानं कुठे गेली?" मी म्हटलं, "हाच इतिहास."

फातिमा शेखबद्दलही बोलावं लागलं. आपल्या फोनवर दर वर्षी तिची जन्मतारीख, शाळा, कामं, सगळं तयार होऊन येतं. मी मुलींना सावित्रीबाईंचं १० ऑक्टोबर १८५६ चं पत्र दाखवलं, नायगावहून जोतिबांना लिहिलेलं. त्यात फातिमाचा उल्लेख येतो आणि जातो. सावित्रीबाई आजारपणामुळे माहेरी आहेत, आपल्यामागे कामाचा भार फातिमावर पडत असणार याची त्यांना काळजी आहे. एवढंच. थोरली म्हणाली, "बस? इतकंच?" मी म्हटलं, "इतकंच हातात आहे. यावर किती उभं करायचं ते तू सांग." ती खूप वेळ पत्राकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "एवढं नक्की की सावित्रीबाईंना तिची काळजी वाटत होती. ज्याच्यावर काम सोपवून आपण निर्धास्त होतो त्याचीच अशी काळजी वाटते." मला वाटतं, फोनवरच्या सगळ्या संदेशांपेक्षा हे वाक्य फातिमाच्या जास्त जवळचं आहे.

शेवटचं पुस्तक त्यांना मी दिलं नाही, त्यांनीच तयार केलं. थोरलीचे दादा, म्हणजे आजोबा, इगतपुरीला रेल्वेत होते. मी तिला सांगितलं, वही घे आणि दादांना विचार. मुंबईकडून येणारी वीज एका जातीची, पुढची दुसऱ्या जातीची, म्हणून इगतपुरीला प्रत्येक गाडीचं इंजिन कसं बदलायचे. कसारा घाट चढताना मागून जोर द्यायला बँकर इंजिन कशी लावतात. पावसात रुळांवर दरड आली की रात्रीत कंदील घेऊन कसं धावायचं. तीन रविवार ती लिहीत होती. दादा म्हणाले, मुंबईहून ठाण्याला गाडी गेली त्याच साली ती इथवर आली. तिनं ते उतरवून घेतलं आणि मग शोधायला बसली. मुंबई-ठाणे १८५३ चं, पण थळ घाट फोडून गाडी इगतपुरीला पोचली १८६५ मध्ये. ती धावत दादांकडे गेली. "दादा, तुम्ही बारा वर्षं चुकलात!" दादा म्हणे आधी रागावले, मग सगळ्या मोहल्ल्याला सांगत सुटले की माझ्या नातीनं माझी चूक काढली. बारा वर्षं का लागली, घाटात किती मजुरांनी दगड फोडले, त्यांतले किती परत गेले, हा तिचा पुढचा प्रश्न होता. त्या मजुरांची नावं कोणत्याही यादीत नाहीत.

आता कुणी मला विचारतं, घरी शिकणाऱ्या मुलांना इतिहासाचं कोणतं पुस्तक द्यावं, तर मी यादी देत नाही. एवढंच सांगते. पुस्तक पातळ असो की जाड, त्यात एका माणसाचा आवाज हवा. तो माणूस राजा नसला तर उत्तम. शेजारी दुसरं पुस्तक हवं, वेगळ्या भाषेतलं किंवा वेगळ्या घरातलं. मोठ्यानं वाचून बघा. आणि तुम्हाला लहानपणी आवडलं होतं म्हणून देऊ नका. आधी पुन्हा वाचा, मुलाच्या डोळ्यांनी. पैशांची अडचण असली तरी वाट आहे. पाठ्यपुस्तकं मराठी आणि उर्दू दोन्ही माध्यमांत बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, आणि नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासून उभं आहे. आमच्या घोटीहून एसटीनं जाऊन पुस्तकं बदलून संध्याकाळी परत येता येतं. मी तेच करते.

फॉर्म भरून झाला. त्या दिवशी थोरलीचे वडील सही करायला मिलमधून तसेच आले होते, अंगावर कोंडा. सही केली, पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "मॅडम, बारावीचाही असा फॉर्म असतो का?" मी म्हटलं, असतो. ते काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही. आमच्याकडे अशा गोष्टी एका दिवसात ठरत नाहीत.

जाता जाता मी थोरलीला म्हटलं, "तू मागच्या वर्षी एक प्रश्न विचारला होतास. उत्तर द्यायचं राहिलं." तिला आठवत होता. ती चप्पल घालता घालता म्हणाली, "तो प्रश्नच चुकीचा होता, आपा. त्या पुस्तकात आपण नव्हतोच. तिथे भटजी पण नव्हते, दादा पण नव्हते."

मग तिनं वही पिशवीत घातली. दादांचे अजून दोन रविवार बाकी आहेत म्हणाली, आणि गेली.